नाल्यातला गाळ काढा, पण तळ्याच्या बदल्यात नको

मा. मुख्याधिकारी साहेब, नगराध्यक्ष ताई आणि सगळे नगरसेवक भाऊ-ताई,

नमस्कार. हे पत्र उघडं लिहितोय कारण अर्ज दिला की त्याला आवक नंबर मिळतो, शिक्का बसतो आणि मग तो कुठल्या टेबलावर मुक्कामाला जातो ते देवालाच माहीत. शिवाय हा विषय माझा एकट्याचा नाही. तळ्याच्या काठच्या आणि नाल्याच्या खालच्या अंगाच्या सगळ्यांचा आहे, म्हणून सगळ्यांनीच वाचावं.

विषय तुम्हाला माहीतच आहे. गावाच्या खालच्या बाजूचं जुनं तळं भरून तिथे व्यापारी संकुल आणि पार्किंग करायचं घाटतंय, आणि कुणी पर्यावरणाचं काय विचारलं की लगेच उत्तर तयार, "आम्ही त्याची भरपाई करतोय ना, गावातून जाणाऱ्या नाल्यातला वर्षानुवर्षांचा दूषित गाळ काढतोय." म्हणजे इकडे पाणथळ जाईल पण तिकडे नाला साफ होईल, हिशोब बरोबर. ऐकायला एकदम भारी वाटतं, टाळ्या पण पडतात. मी म्हणतो गाळ जरूर काढा, आजच काढा, दहा वर्षांपूर्वीच काढायला पाहिजे होता. पण तो तळ्याच्या नावावर जमा धरू नका, कारण नाला साफ करणं हे तुमचं जुनं देणं आहे आणि जुनं देणं फेडलं म्हणून नवं नुकसान करायचा परवाना कुणाला मिळत नाही.

आता आधी नाल्याचंच बोलू, कारण त्यात नेमकं काय आहे हे सभेत कुणी बोलतच नाही, सगळे नुसते "गाळ गाळ" करतात. यंदा नालेसफाईला आलेल्या पोरांनी पुलाखाली फावडं मारलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. वरचा बोटभर थर तपकिरी, राखेसारखा, आणि त्याच्या खाली एकदम काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ, त्यातून बुडबुडे निघतात आणि सडक्या अंड्याचा असा वास की गुटख्याचा तोबरा भरलेला माणूससुद्धा थुंकून बाजूला होतो. त्यातल्या एकाच्या हातात चांदीचं कडं होतं, दुपारपर्यंत ते काळं पडलं. पोरगं घाबरलं, त्याला वाटलं सोनाराने फसवलं. सोनाराचा काही दोष नाही, तो हायड्रोजन सल्फाइड वायू आहे, गाळाच्या आत हवा पोचत नाही तिथे जे जिवाणू राहतात ते तो तयार करतात आणि चांदीला तो लागला की चांदी काळी पडते. आणि ही पोरं तिथे हातमोजे नाही, बूट नाही, अशी गुडघाभर उतरलेली होती. ठेकेदाराचा मुकादम सावलीत बसून मोबाईल बघत होता. असो, तो वेगळा विषय आहे, पण वेगळा तरी कसा म्हणायचा, सफाईच्या खर्चात त्या पोरांच्या बुटाचे पैसे पण आलेच पाहिजेत.

तर हा काळा थर महत्त्वाचा आहे. नाल्याच्या वरच्या अंगाला काय काय आहे बघा, गॅरेज लाइन, जुन्या बॅटऱ्या फोडणारे भंगारवाले, प्लेटिंगचं छोटं-मोठं काम करणारे, सोन्याची गलाई करणारे जे ॲसिड वापरतात आणि उरलेलं गटारीत सोडतात, आणि त्यात अख्ख्या गावाच्या संडास-बाथरूमचं पाणी. यातून शिसं, जस्त, निकेल, क्रोमियम, कॅडमियम असले जड धातू येतात. ते पाण्यात जास्त वेळ तरंगत राहत नाहीत, मातीच्या बारीक कणांना आणि कुजलेल्या मळीला चिकटतात आणि खाली बसतात. आणि आपली माती कुठली, काळी, रेगूर, भरपूर चिकण असलेली. या मातीचा गुणच असा की ती असल्या गोष्टी घट्ट धरून ठेवते. कापसाला अन्नद्रव्य धरून ठेवते म्हणून आपण तिचं कौतुक करतो, तीच माती शिसंपण तितक्याच प्रेमाने धरून ठेवते.

आता गंमत अशी की हे धातू तळाशी, हवा नसलेल्या थरात, सल्फाइडशी बांधलेले असतात तोवर ते बऱ्यापैकी गप्प असतात. तुम्ही जेसीबी घालून तो थर वर काढला, उन्हात पसरला, की हवा लागते, सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं, आम्ल तयार होतं आणि जे बांधलेलं होतं ते सुटायला लागतं. म्हणजे गाळ काढताना आणि काढल्यानंतरचे काही आठवडे हाच सगळ्यात धोक्याचा काळ आहे. आणि आपल्याकडे नेमकं त्याच काळात काय होतं? मे महिन्यात टेंडर निघतं, मे संपता संपता काम सुरू होतं, काढलेला गाळ काठावरच ढीग लावून "वाळायला" ठेवतात, बिल निघतं, आणि मृगाचा पहिला दणका बसला की अर्धा ढीग परत नाल्यात. उरलेला अर्धा कुठे जातो ते खाली सांगतो. हे दर वर्षीचं आहे, यात मी काही नवीन सांगत नाहीये, तुमच्यापैकी ज्यांची घरं नाल्याकाठी आहेत त्यांना सगळं माहितीये.

उरलेला अर्धा शेतात जातो साहेब. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच आहे. आपल्या राज्यात २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे, मध्ये बंद पडली होती, २०२३ ला परत सुरू झाली. योजना चांगली आहे, मी स्वतः पाझर तलावातला गाळ वावरात टाकलाय, हलकं रान सुधारलं, पाणी धरायला लागलं. पण ती योजना धरणाच्या, तलावाच्या गाळासाठी आहे, जिथे डोंगरावरून आणि शेतावरून वाहून आलेली सुपीक माती बसलेली असते. गावच्या गटाराच्या नाल्यातला गाळ दिसायला तसाच काळा, उलट जास्तच काळा, आणि फुकट. ट्रॅक्टरवाला विचारतो, "आप्पा, टाकू का दोन ट्रॉल्या?" आणि आप्पा खुशीत हो म्हणतात. कॅडमियम पिकात सहज जातं, पालेभाजीत तर जास्तच, मेथी पालक पोकळा यांत. शिसं तितकं वर चढत नाही पण मातीत पिढ्यानपिढ्या बसून राहतं आणि धुळीतून लेकराच्या तोंडात जातं. म्हणजे नाल्यातली घाण आपण शिवारभर वाटून टाकणार आणि तिला भरपाई म्हणणार. एका ठिकाणी गोळा झालेली घाण निदान एका ठिकाणी होती ना.

यावर एक साहेब मला म्हणाले, मग काय झालं, टेस्ट करू. करा, पण कशी करणार तेही सांगतो कारण त्यातही मेख आहे. आपला सगळा पट्टा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. या खडकातच मुळात निकेल, क्रोमियम, तांबं जास्त असतं, म्हणजे अगदी स्वच्छ शेतातली मातीसुद्धा टेस्ट केली तरी हे आकडे दिसतील. त्यामुळे नुसता नाल्याचा एक नमुना घेऊन कुठल्यातरी बाहेरच्या तक्त्याशी ताडून बघायचं म्हणजे दोन्हीकडून फसगत, एकतर उगाच घाबरायचं किंवा "हे तर आपल्या मातीतच असतं" म्हणून सगळंच माफ करायचं. गावाच्या वर, जिथे अजून एकही गटार मिळालेली नाही तिथला नमुना घ्या, तो आपला मूळ आकडा. मग पुलाखालचा, गॅरेज लाइनची गटार मिळते तिथला, आणि गावाच्या खालचा घ्या. आणि वरचा वरचा खरवडून नाही, पाइप ठोकून उभा नमुना काढा म्हणजे कुठल्या खोलीला काय बसलंय ते कळेल. नुसतं एकूण धातू किती एवढं बघून पण भागत नाही, पाण्यात किती सुटतो हेही बघावं लागतं, लिचिंगची टेस्ट असते त्याची. लॅबवाल्यांना हे सगळं माहीत असतं, त्यांना फक्त विचारावं लागतं.

आणि एक शिरपूर पॅटर्नचं. सभेत कुणीतरी उत्साहाने म्हणालं म्हणे की आता मशीन येतंच आहे तर शिरपूरसारखं नाल्याचं खोलीकरण रुंदीकरण पण करून टाकू. अहो, शिरपूरला सुरेश खानापूरकर साहेबांनी जे केलं ते धुळे जिल्ह्यातच नाही तर राज्यभर लोक बघायला आले, नाले रुंद आणि खोल केले, बंधारे बांधले, विहिरींना पाणी आलं. पण ते पावसाचं स्वच्छ पाणी जमिनीत मुरवण्यासाठी होतं. खोल खोदायचं कारणच हे की वरचा चिकण थर फोडून पाणी खालच्या मुरमात, वाळूत, भेगांत जावं. आपल्या नाल्यात बाराही महिने गटाराचं पाणी वाहतं. त्याच्या तळाला तो चिकट गाळाचा आणि चिकण मातीचा थर आहे म्हणून तर ते पाणी आतापर्यंत विहिरींपासून जरा लांब राहिलंय. तो थर तुम्ही फोडला की ते पाणी सरळ नाल्याकाठच्या विहिरीत आणि बोअरमध्ये. मग तुम्ही टँकर लावाल आणि टँकरचं पण टेंडर निघेल. तेव्हा दूषित गाळ काढायचा तर तेवढाच काढायचा, खालच्या मूळ मातीला हात लागता कामा नये, आणि आधी वरून येणारी घाण बंद करायची. हा क्रम उलटा झाला की दोन-तीन वर्षांत परत तोच गाळ, तेच टेंडर.

बरं, तुम्ही म्हणाल की भरपाईची ही कल्पना आम्ही काढलेली नाही, बाहेरच्या देशात असं चालतं. चालतं, खरंय. अमेरिकेत १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टच्या कलम ४०४ खाली पाणथळीत भराव टाकायचा तर परवानगी लागते, आणि १९८९ पासून तिथे "नो नेट लॉस" असं धोरण आहे, म्हणजे एकूणात पाणथळ कमी होऊ द्यायची नाही. पण त्याची पायरी कशी आहे बघा. पहिलं, भराव टाळता येतो का. टाळता येत नसेल तर कमीत कमी कसा करता येईल. आणि हे दोन्ही झाल्यावर जे नुकसान उरेल त्याचीच भरपाई. आपण तिसऱ्या पायरीवरूनच चढायला सुरुवात केलीय, संकुल दुसऱ्या जागी होईल का हे विचारलंच नाही. जुन्या मार्केट यार्डाजवळची पडीक जागा पालिकेचीच आहे ना? आणि २००८ साली तिथे जे नियम आले त्यात भरपाईच्या कामावर निदान पाच वर्षं लक्ष ठेवायचं, ते जगलं की मेलं ते मोजायचं असं लिहिलंय. एवढं सगळं करून सुद्धा २००१ मध्ये तिथल्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेने तपासून सांगितलं होतं की नो नेट लॉसचं उद्दिष्ट काही साध्य होत नाहीये, कागदावर भरपाई झाली पण जमिनीवर तेवढी पाणथळ उभी राहिली नाही. त्यांच्याकडे माणसं, पैसा, कोर्ट सगळं असून ही गत.

आणि गाळाचं म्हणाल तर तिथे दूषित गाळ साफ करायचा कायदाच वेगळा आहे, १९८० चा, ज्याला सुपरफंड म्हणतात. हडसन नदीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ अशी तीस वर्षं पीसीबी नावाची रसायनं नदीत गेली, गाळात बसली, माशांत गेली. गाळ उपसायचं मोठं काम सुरू झालं २००९ ला आणि संपलं २०१५ ला, साधारण २७ लाख ५० हजार घनयार्ड गाळ काढला, कंपनीने करायला लागलं, आणि उपसताना जी पाणवनस्पती गेली ती परत लावायला लागली. म्हणजे गाळ उपसणं हीच नदीला एक इजा धरली आणि तिची वेगळी दुरुस्ती करायला लावली. घाण केली म्हणून साफ करणं हे एक खातं, पाणथळ बुजवली म्हणून भरपाई देणं हे दुसरं खातं. जे काम तुम्हाला तसंही करणं भागच आहे ते भरपाईत दाखवता येत नाही, एवढी साधी गोष्ट आहे ही.

मी हे मान्य करतो की एखाद्या मोठ्या शहरात, जिथे नवीन पाणथळ करायला इंचभर जागा नाही आणि बुजणारा तुकडा आधीच मेलेला आहे, तिथे तेवढाच पैसा जिवंत नदीचा तळ साफ करायला घातला तर जास्त फायदा होईल असं म्हणायला जागा आहे. जाणकार लोक तसं म्हणतात पण. पण आपलं तळं मेलेलं नाही आणि आपल्याकडे जागा नाही असंही नाही.

आपल्या खान्देशात पांझरा, कान या नद्यांवर फड पद्धत होती, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडांना, शेतांच्या गटांना, सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचं, काही ठिकाणी ती अजून टिकून आहे. बंधाऱ्याचा पाट साफ करायला सगळ्या बागायतदारांनी यायचं, गाळ काढायचा, ते कामच होतं सगळ्यांचं. पण मी पाट साफ केला म्हणून शेजारच्याचा फड माझा, असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. म्हटलं असतं तर पाटकऱ्याने तिथेच सुनावलं असतं.

आता तळ्याबद्दल. तुमच्या प्रस्तावात तळ्याला "विनावापर पाणथळ जागा" म्हटलंय. विनावापर कुणाच्या? भोई लोकांचा मासेमारीचा ठेका तुमच्याच पालिकेने दिलाय, पावत्या आहेत. उन्हाळ्यात तीन बाजूच्या म्हशी तिथे डुंबतात. पाणकणसात जांभळ्या पाणकोंबड्या असतात, शेकाटे असतात, थंडीत बदकं उतरतात, हतनूरच्या पाणपसाऱ्यावर जे पाहुणे येतात त्यातलेच काही भटकत इकडे येत असतील. पण पक्षी सोडून द्या, पक्ष्यांचं नाव काढलं की तुम्ही लगेच "भावनिक मुद्दा" म्हणता. पाण्याचं बोलू. तळ्याच्या भोवतीच्या विहिरी एप्रिलपर्यंत तग धरतात, गावाच्या दुसऱ्या अंगाच्या फेब्रुवारीत टेकतात. केळीवाल्याला यातला फरक विचारा, तो लाखात सांगेल. यावल-रावेर पट्ट्यात पाण्याची पातळी किती खाली गेलीय सगळ्यांना माहितीये, तिकडे सातपुड्याच्या पायथ्याशी तापीचं पाणी जमिनीत मुरवायला मेगा रिचार्ज योजना करायची म्हणून मध्य प्रदेशाशी करार झाला २०२५ मध्ये. शासन तिकडे पाणी मुरवायला हजारो कोटींच्या गोष्टी करतंय आणि आपण इकडे फुकट मुरवणारं तळं मुरूम टाकून बुजवणार. हाई काय करी राह्यनात भो?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला वाटतं इंजिनियर साहेबांना माहीत आहे पण ते बोलत नाहीत. पावसाळ्यात गावाच्या तीन बाजूचं पाणी आधी तळ्यात येतं. तळं भरतं, पसरतं, मग सांडव्यावरून हळूहळू नाल्यात उतरतं. तळं बुजवून त्यावर काँक्रीट केलं की तेच पाणी तासाभरात नाल्यात धडकणार. तुम्ही नाल्याचा गाळ काढलेला, काठ उघडे पडलेले, तळ ढिला झालेला, त्यात हा लोंढा आला की जो काही दूषित थर राहिला असेल तो उचलून खाली नेणार, नवीन घाण पण नेणार. खाली म्हणजे कुठे, आमच्या वावरात, आणि तिथून तापीत. तापी पुढे सारंगखेडा, प्रकाशा इथल्या बॅरेजमध्ये थांबते, तिथे पाणी संथ झालं की गाळ बसतो, मग उकाई, मग सुरत. म्हणजे तुम्ही ज्या कामाला भरपाई म्हणताय ते काम टिकायचं असेल तर हेच तळं जागेवर पाहिजे. तळं बुजवलं की भरपाई पण वाहून गेली. तळंही गेलं, नाल्याची सफाईही गेली, आणि संकुलाच्या तळघरात पाणी शिरलं म्हणून गाळेधारक परत तुमच्याच दारात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, मी वकील नाही पण वाचता येतं. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम आहेत, त्यात अधिसूचित पाणथळीत भराव, अतिक्रमण, कचरा टाकणं, कायमचं बांधकाम याला बंदी आहे. तुम्ही म्हणाल आपलं तळं अधिसूचित नाही. पण सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगितलंय की उपग्रह नकाशावर आलेल्या, सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या दोन लाखांवर पाणथळींना पण तशाच तत्त्वाने संरक्षण द्यायचं. आपलं तळं सातबाऱ्यावर किती आहे ते तलाठी आप्पांना विचारा आणि नकाशात आहे का ते बघा. मग तुम्ही म्हणाल हे मानवनिर्मित आहे, सिंचनासाठी खोदलेलं असेल, त्याला नियमातून सूट आहे. असेलही. पण २०११ च्या जगपाल सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने गावतळी आणि गावची सामाईक जमीन यावरची अतिक्रमणं काढा असं सगळ्या राज्यांना सांगितलंय, त्यात तळं कुणी खोदलं हा प्रश्नच येत नाही. आणि नाल्यातल्या घाणीचं म्हणाल तर १९९६ च्या बिछडी प्रकरणापासून, ते उदयपूरजवळचं गाव जिथे कारखान्याच्या गाळाने विहिरी नासल्या, प्रदूषण करणाऱ्याने सफाईचा खर्च द्यायचा हे कोर्टाने पक्कं केलंय. आता २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियमच काढले, त्यातही खर्च ज्याने घाण केली त्याच्यावरच. मग आपल्या नाल्याचा खर्च गावाने आपलं तळं देऊन का करायचा? ज्यांचं ॲसिड, ज्यांच्या बॅटऱ्या, ते मोकळे, आणि भोई, म्हशीवाले आणि विहीरवाले भरणार, हा कुठला न्याय.

तेव्हा आमची मागणी काय ते एकदा नीट लिहितो म्हणजे "नुसता विरोध करतात" असं म्हणायला नको. तळ्याचा भराव आणि नाल्याची सफाई हे दोन वेगळे विषय करा, दोन वेगळे ठराव, दोन वेगळी अंदाजपत्रकं. नाल्याचं काम तळ्याच्या मंजुरीला बांधू नका, उद्या संकुल रद्द झालं तरी नाला साफ व्हायलाच पाहिजे. सफाईच्या आधी वरच्या अंगाच्या गटारींची यादी करा, प्रदूषण नियंत्रण मंडळाला सोबत घेऊन कोण काय सोडतो ते बघा आणि ते बंद करा किंवा गोळा करून शुद्ध करा. नमुने वर सांगितले तसे घ्या, आणि रिपोर्ट पालिकेच्या फळ्यावर लावा, माहिती अधिकारात मागायला लावू नका. काम जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करा म्हणजे एप्रिलपर्यंत आटोपेल, मृगाच्या तोंडावर नको. काढलेला गाळ खाली प्लास्टिकचं अस्तर असलेल्या हौदात निथळू द्या, निथळलेलं पाणी पण घाणच असतं, ते परत नाल्यात सोडू नका. गाळ धोकादायक निघाला तर तो घातक कचऱ्याच्या नियमाने जिथे जायचा तिथे जाईल, नाही निघाला तर रस्त्याच्या भरावाला वगैरे बघा, पण रिपोर्ट येईपर्यंत एकही ट्रॉली शिवारात जायला नको, आणि ट्रॅक्टरवाल्यांना तसं लेखी द्या कारण तोंडी सांगितलेलं डिझेलच्या भावात विसरलं जातं. पोरांना बूट, हातमोजे आणि अंघोळीला पाणी द्या.

आणि संकुल पाहिजेच असेल, व्यापारी बांधवांना गाळे पाहिजेत हे मला पण कळतं, तर दुसऱ्या जागेचा विचार केला आणि ती का चालली नाही हे लिहून दाखवा. सगळं बघूनही तळ्याचा एखादा कोपरा घ्यावाच लागला, तर त्याच्या बदल्यात त्याच पाण्याच्या वाटेवर तेवढी, किंबहुना जास्त, उथळ पाणथळ आधी तयार करा, तिच्यात पाणी थांबतंय, पाणकणीस उगवतंय, विहिरींना फरक पडतोय हे काही पावसाळे बघा, आणि मग कोपऱ्याला हात लावा. पाण्याची भरपाई पाण्यानेच होते, गाळाच्या बिलाने नाही.

पुढची सभा कधी आहे ते कळवा, आम्ही नाल्याच्या खालच्या अंगाचे आठ-दहा जण येणार आहोत, भोई वस्तीतले नाना पण येतो म्हणालेत. नमुने घ्यायचा दिवस ठरला की तोही सांगा. पाइप ठोकायला माणसं लागली तर आमची आहेत, आणि कुठल्या वळणाला गाळ किती खोल आहे ते आम्हाला लॅबवाल्यांपेक्षा बरं माहितीये.

आपला,
नाल्याच्या खालच्या अंगाचा एक केळीवाला